एक जूनला जन्मलेलं गाव

नदीपलीकडच्या त्या गावात एकशे त्रेचाळीस माणसं एकाच तारखेला जन्मली आहेत. एक जूनला. साल वेगवेगळं, तारीख तीच. दवाखान्यात नवा कॉम्प्युटर आला, तेव्हा तो चालवणारी मुलगी दोन दिवस त्या मशीनवर थापट्या मारत होती, की अडकलंय मेलं, एकच तारीख ओकतंय. शेवटी कुणीतरी तिला बाजूला घेऊन सांगितलं, "मशीन ठणठणीत आहे गं. ही आमच्या बाईंची करामत."

बाईचं खरं नाव गावाने केव्हाच गुंडाळून ठेवलंय. तोंडावर सगळे "बाई" म्हणतात आणि पाठ फिरली की "का-बाई". कारण उघड आहे. तुम्ही म्हणालात, "आज अंगात कसकस आहे," तर दुसरी कुणी म्हणेल, "मग पड जरा." ही म्हणणार, "का? काल भिजलास? जेवला नाहीस? की बायकोशी भांडलास?" आणि तिसरा प्रश्न विचारून ती तुमच्या तोंडाकडे अशी टक लावून बघणार, की भांडण झालेलं नसलं तरी तुम्ही कबूल करून मोकळे व्हाल.

बाविसाव्या वर्षी तिला त्या गावच्या शाळेत नोकरी लागली. शाळा म्हणजे एक लांबट खोली. चार कोपऱ्यांत चार इयत्ता आणि मधे बाई, वाहतुकीच्या हवालदारासारखी गरागरा फिरत. फळ्याला उभा तडा होता. आठाचा आकडा काढताना खडू त्यात अडकायचा आणि आठाचं पोट फुटायचं. त्या गावची मोठी मोठी माणसं आजही आठ काढताना मधेच हात उचलतात.

हजेरीच्या वहीत गैरहजर मुलापुढे फुली मारायची, एवढंच खरं तर काम. पण फुली मारून गप्प बसेल ती बाई कसली! ती फुलीशेजारी बारीक अक्षरात कारण लिहायची. "पुढचा दात पडला, हसायला लाजतो." "मामा आला." "मामा गेला." "मामाचं घड्याळ राहिलं म्हणून मामा परत आला." तपासणीला आलेले साहेब ती वही उघडून म्हणाले, "ही हजेरी आहे की कादंबरी?" बाई म्हणाली, "साहेब, नुसत्या फुलीवरून मूल सापडत नाही."

आणि खरंच, एकदा तिला त्या वहीतच सापडलं. दुसरीतल्या दोघी बहिणी पाळीपाळीने आजारी पडत होत्या. सोमवारी थोरली, मंगळवारी धाकटी, बुधवारी पुन्हा थोरली. इतका शिस्तीचा ताप कुठला? शाळा सुटल्यावर बाई थेट त्यांच्या घरी. तर ताप कसला नि काय! दोघींत मिळून शाळेचा फ्रॉक एकच होता.

तिथून ती तडक बाजारातल्या शिंप्याकडे गेली. म्हणाली, "उरलेल्या कापडाचं तुम्ही काय करता हो?"

शिंप्याने मशीनवरून मान न उचलता विचारलं, "का?"

झालं! आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तिलाच "का" विचारलं होतं. फ्रॉक चार दिवसांत शिवून झाला, पण बाईच्या त्या दुकानातल्या फेऱ्या काही संपेनात. आज बटण, उद्या काज, परवा उसवलेली बाही. एका माणसाच्या बाह्या उसवून उसवून किती उसवणार? वर्षभरात लग्न लागलं. आणि गंमत बघा, शिकवायची ही, पण टेलर म्हणून गाव "मास्तर" म्हणायचं त्याला. घरी पत्र यायचं "मास्तर यांस", मोठ्या ऐटीत ते फोडायचा तो, आणि आत असायचं, "चौथीचा निकाल ताबडतोब पाठवावा."

आता त्या एक जूनचं सांगते. शाळेत नाव घालायला आईबाप यायचे. बाई विचारायची, "जन्म कधीचा?"

"पूल वाहून गेला त्या वर्षीचा."

"महिना?"

"चिखल होता बाई, एवढं आठवतं."

चिखलाची तारीख कशी लिहायची? नियम असा, की शाळा उघडते त्या दिवशी मुलाला सहा वर्षं पूर्ण झालेली हवीत. शाळा उघडायची एक जूनला. मग सरळ सहा वर्षं मागे जायचं आणि तीच तारीख ठोकून द्यायची. बाईच्या आधीचे गुरुजी हेच करायचे, त्यांच्या आधीचेही हेच. जिला कुणाचा मामा का परत आला हेसुद्धा माहीत असायला हवं, तिने या एका रकान्यात मात्र कधी कुणाला पुढचा प्रश्न विचारला नाही. सोय पडली की भल्याभल्यांची जिज्ञासा पेंगायला लागते, त्यातलाच प्रकार.

खिडकीचंही असंच झालं. खिडकी म्हणजे मुलगी हो, भिंतीतली नव्हे. तिची थोरली बहीण शाळेत यायची आणि ही पाच वर्षांची चिमुरडी शाळेबाहेर, खिडकीखालच्या दगडावर चढून, गजांना धरून उभी राहायची. आत बाई विचारायची, "सात चोक?" आत सगळे छताकडे बघायचे आणि बाहेरून आवाज यायचा, "अठ्ठावीस!" हे असं महिनाभर चाललं. उन्हाने पोरीचं नाक सोलून निघालं. शेवटी बाईने तिच्या आईला बोलावून विचारलं, "सहा झाली ना पूर्ण?" आई म्हणाली, "झालीच म्हणा." बाईला पक्कं ठाऊक होतं, की झालेली नाहीत. पण तिने पेन उचललं, पोरीला एका फटक्यात मोठी केली आणि आत घेतली. गावाने नाव ठेवलं खिडकी, ते कायमचं चिकटलं.

चोवीस वर्षं बाईने ती शाळा चालवली. हळूहळू तिच्या कारणांच्या वहीत एकच कारण वारंवार यायला लागलं. "आईबरोबर कचेरीत गेला, कागद नाही." "आजोबांचा कागद हरवला, शोधायला थांबली." एका महिन्यात सात मुलं कागदापायी घरी. बाई मास्तरला म्हणाली, "मुलं शाळेत का येत नाहीत, ते शाळेत बसून नाही कळायचं. मी नोकरी सोडते."

मास्तरने तोंडातल्या टाचण्या काढल्या. "आणि करणार काय?"

"लोकांचे कागद."

"बारा वर्षं नोकरी बाकी आहे गं अजून!"

"म्हणून तर आत्ताच. नंतर माझे गुडघे जिने चढायचे नाहीत."

तिसऱ्या दिवशी मास्तरने कापड कापायचं लांब टेबल भिंतीकडे सरकवलं आणि दुकानाच्या पुढच्या भागात एक खुर्ची, एक बाक आणि शाईचा पॅड मांडला. गेली अकरा वर्षं बाई तिथे बसते. मागे मशीन खडखडतं, पुढे बाई प्रश्न विचारते. विधवेचा अर्ज, घराचा उतारा, हरवलेला दाखला. कचेरीत तिची अशी पत बसली, की ज्यांच्या सहीवर माणसाची ओळख मान्य करायची त्यांच्या यादीत तिचं नाव लागलं. एखाद्याच्या कागदावर बाईने "या व्यक्तीस मी ओळखते" असं लिहून सही केली, की काम पुढे सरकायचं. गावात तिच्या सहीशिवाय पान हलत नव्हतं म्हणा ना.

तर अशा त्या दुकानात, आठ जुलैला, खिडकी आली. आता ती चांगली उंच, दोन मुलांची आई, नऊ वर्षं गावच्या दवाखान्यात हंगामी मदतनीस म्हणून राबलेली. मुलं सांभाळून तिने नर्सिंगची परीक्षा दिली होती. अर्ध्या गावाची बाळं तिच्या हातात पडलेली. आणि आता त्याच दवाखान्यात नर्सची कायमची जागा निघाली होती, कितीतरी वर्षांनी एकदाच. तिने बाईसमोर जाहिरातीचा कागद ठेवला आणि बाकावर टेकली.

"बाई, मी म्हातारी झाले."

"कुणी सांगितलं?"

"या कागदाने. अर्जाची शेवटची तारीख वीस जुलै. त्या दिवशी वय पस्तीसच्या आत हवं. मला एक जूनला पस्तीस पूर्ण झाली. सात आठवड्यांनी हुकलं."

मशीन थांबलं. मास्तर मागून म्हणाला, "अरेरे! सातच आठवडे?"

बाईने कागद वाचला, पुन्हा वाचला, चष्मा काढून पदराने पुसला, परत घातला. तिच्या डोळ्यांपुढे ते सोललेलं नाक उभं राहिलं.

"खिडके," ती म्हणाली, "तू पस्तीसची नाहीस."

"म्हणजे?"

"तुला मी मोठी केली. तू पाचाची होतीस. मी सहा लिहिलं."

खिडकीला हसू फुटलं. "बाई, म्हणजे मी आयुष्यभर... माझं लग्न ठरवताना सासूबाईंनी किती कुरकुर केली होती, की मुलगी वयाने थोराड आहे! तो तुमचा प्रताप?"

"सासूला मी नंतर भेटते. आधी हे सांग, तू जन्मलीस कधी?"

"आता मला काय विचारता? मी लहान होते!"

बाई त्याच दिवशी कचेरीत जाऊन चौकशी करून आली. जुनी नोंद बदलायला दोन गोष्टी लागत होत्या. एक, जन्माच्या वेळचा काहीतरी लेखी पुरावा. दोन, ज्याने नोंद केली त्यानेच, म्हणजे बाईने, ती चुकीची होती असं लिहून द्यायचं. दुसरं सोपं वाटलं. पहिल्याचं काय? खिडकी घरात जन्मली होती. कुठे लिहिलेलं असणार?

दुसऱ्या दिवशी बाई खिडकीच्या माहेरी गेली. ओट्यावर खिडकीची आई शेंगा सोलत होती आणि शेजारी खिडकीची काकू, म्हणजे आईची धाकटी जाऊ, सोललेल्या शेंगा खात होती. दोघींचं चाळीस वर्षांत एका गोष्टीवर एकमत झालेलं नाही, आणि म्हणूनच त्या रोज एकत्र बसतात.

बाईने विचारलं, "खिडकीच्या जन्माच्या वेळी थंडी होती की ऊन?"

"थंडी," आई म्हणाली.

"कसली थंडी? मी बाळाला उन्हात धरून बसले होते," काकू म्हणाली.

"थंडी होती म्हणूनच उन्हात बसलीस ना!"

"हो हो, तेही खरं."

"घरात कोण कोण होतं?" बाईने विचारलं.

आईचा हात थांबला. चेहरा असा काही बदलला, की बाई पुढे सरकली. "मी होते आणि ही होती. पोरीचे वडील नव्हते."

"का?"

"का म्हणजे? मळ्यातल्या गोठ्यात गाय अडली होती ना! मी आत विव्हळतेय, आणि हा बाबा तांबड्या गाईसाठी गुरांच्या डॉक्टरला आणायला धावत गेला. बायकोला बघायला जाऊ, गाईला बघायला डॉक्टर. वर्षं उलटली बाई, माणूसही गेला, पण हे माझ्या मनातून जात नाही."

"वहिनी, गाय मेली असती हो," काकू म्हणाली.

"आणि मी?"

"तुम्ही कुठे मरताय!"

बाईच्या मात्र डोक्यात घंटा वाजायला लागली होती. "डॉक्टर आला होता? सरकारी? दवाखान्यातला?"

"आला म्हणजे! हातभर पिशवी घेऊन."

"मग लिहिलं असणार," बाई उठलीच. "तुमचं नसेल लिहिलं कुणी. गाईचं नक्की लिहिलं असणार."

गुरांचा दवाखाना बाजारच्या टोकाला. तिथल्या कंपाउंडरने आधी कानावर हात ठेवले. चौतीस-पस्तीस वर्षांपूर्वीची पुस्तकं? म्हशीला सुई टोचता टोचता तो म्हणाला, "बाई, काल दिलेलं औषध मला आठवत नाही." पण जुनं काही टाकायचं झालं तर परवानगीचे इतके अर्ज करावे लागत, की कुणी कधी काही टाकलंच नव्हतं. मागच्या खोलीत पुस्तकांची उतरंड होती. खालच्या दोन थरांवर फ्रिज उभा होता. तो हलवायला म्हशीचा मालकसुद्धा आला. बाई आणि खिडकी जमिनीवर मांडी घालून पानं उलटत बसल्या. शेळी, जुलाब. बैल, खूर दुखणे. कोंबड्या, सतरा, कारण अज्ञात.

"कारण अज्ञात?" बाई म्हणाली. "सतरा कोंबड्या मेल्या आणि यांनी विचारलं नाही?"

"बाई, पुढे चला."

तिसऱ्या पुस्तकात, खिडकीच्या वडिलांचं नाव. अक्षर तिरकं, शाई फिकट, पण वाचता येत होतं. तारीख अकरा फेब्रुवारी. तांबडी गाय, दुसरं वेत. वासरू पायाळू. ओढून काढले. साडेतीन वाजता, कालवड, जिवंत. पुढे वजन. पुढे कपाळावर पांढरा ठिपका आहे, हेसुद्धा लिहिलं होतं.

खिडकी ते वाचून म्हणाली, "कालवडीची वेळ, वजन, कपाळावरचा ठिपका. आणि माझं?"

"थांब," बाई म्हणाली. तिचं बोट शेवटच्या रकान्यावर होतं. शेरा. तिथे त्या डॉक्टरने लिहिलं होतं: "मालक सारखे घरी जाण्याची घाई करीत होते. पत्नी आजच दुपारी बाळंत, मुलगी, असा निरोप आला होता. म्हणून औषध स्वतः पाजून दाखविले नाही."

बाईने ते तीनदा वाचलं. कुठला कोण डॉक्टर, तिने कधी पाहिलाही नव्हता. पण औषध का पाजलं नाही, याचं कारण तो लिहून गेला होता. तिला एकदम आपल्याच जातकुळीतलं कुणीतरी भेटल्यासारखं वाटलं. साल पाहिलं, बोटांवर मोजलं. शाळेतल्या नोंदीपेक्षा खिडकी आठ महिन्यांहून जास्त लहान निघत होती. चौतीस वर्षं, पाच महिने.

संध्याकाळी ती नक्कल घेऊन ओट्यावर गेली आणि मोठ्याने वाचून दाखवली. "मालक सारखे घरी जाण्याची घाई करीत होते," इथे आई शेंगा सोलायची थांबली. काकूसुद्धा खायची थांबली, म्हणजे बघा.

मग आई म्हणाली, "तरी यायला दोन तास लावलेच."

पण हे म्हणताना ती भिंतीकडे तोंड करून बसली होती आणि तिने पदर नाकाला लावला होता.

सतरा जुलैला बाई आणि खिडकी कचेरीत गेल्या. दाखल्यांचे साहेब पन्नाशीचे, सरळ माणूस, फक्त वाचताना ओठ हलवायचे. त्यांनी गुरांच्या पुस्तकाची नक्कल वाचली. ओठ "पायाळू" पाशी थांबले.

"बाई, हा गाईचा पुरावा आहे."

"शेरा वाचा साहेब. गाय वरती आहे, मुलगी खालती."

साहेबांनी शेरा वाचला. आई आणि काकूचे जबाब वाचले. काकूने आपल्या जबाबात थंडीबद्दल वेगळी टीप जोडली होती, तीही वाचली. मग म्हणाले, "हे धरता येईल. आता तुमचं लेखी लागेल. तुम्ही त्या वेळी वय अंदाजाने लिहिलंत, असंच ना?"

"अंदाजाने नाही," बाई म्हणाली.

"मग?"

"मला माहीत होतं, की ही सहाची नाही. जाणूनबुजून लिहिलं."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "बाई, अंदाज म्हणा. अंदाज म्हटलं तर चूक होते. जाणूनबुजून म्हटलंत, तर ती खोटी नोंद होते. आणि खोटी नोंद केलेल्या माणसाची सही मला पुढे कुणाच्याही कागदावर घेता येणार नाही. यादीतून नाव काढावं लागेल."

"आणि अंदाज म्हटलं तर?"

"तर वरचे विचारतील, अंदाजच होता तर आता उलटा अंदाज कशावरून? गाईवरून? अर्ज परत येऊ शकतो. तो परत येऊन पुन्हा जाईपर्यंत..." त्यांनी कॅलेंडरकडे बघितलं. वीस तारीख तिथे ठळक बसली होती.

बाकावरून खिडकी उठली. "बाई, नको. राहू द्या. रोज दहा माणसं तुमच्या सहीसाठी येतात. माझं आहे ते ठीक आहे."

"तू खाली बस," बाई म्हणाली. "तुला सहा वर्षांची करताना मी तुला विचारलं होतं? मग आताही विचारत नाही."

साहेब म्हणाले, "पण केलंत का असं?"

पस्तीस वर्षं जो प्रश्न विचारून विचारून तिने दुसऱ्यांना भंडावलं, तो आता तिच्यावरच आला होता. बाई तांब्यातलं पाणी प्यायली. "साहेब, ही बाहेर उभी राहून आतल्यांपेक्षा जास्त शिकत होती. उन्हात. मी रोज बघत होते. नियमाप्रमाणे आणखी एक वर्ष तिला तशीच उभी ठेवायची होती. मला ते बघवेना, हे एक कारण."

"दुसरं?"

"दुसरं म्हणजे, तारीख खोटी लिहायला काही वाटेनासं झालं होतं. सगळ्यांचीच तशी लिहीत होते. एकाही आईला मी धड विचारलं नाही. आत्ता एका दुपारी विचारलं, तर गाय निघाली, डॉक्टर निघाला, सगळं निघालं. तेव्हाही निघालं असतं."

"सगळ्यांचीच?" साहेब म्हणाले.

"सगळ्यांची एक जून. तुमची कुठली हो साहेब?"

साहेबांनी पंख्याकडे बघितलं. कोपऱ्यातल्या कारकुनाला अचानक खोकला आला.

"तो विषय नाही," साहेब म्हणाले आणि कागद पुढे सरकवला.

बाईने लिहिलं. टपोरं, शाळेतलं अक्षर, रेघ सोडून न जाणारं. "या मुलीचे वय सहा वर्षे पूर्ण नव्हते हे मला माहीत होते. तरी मी तसे लिहिले. चूक माझी आहे, मुलीची नाही." खाली सही केली. त्या कचेरीत चालणारी तिची ती शेवटची सही. साहेबांनी यादी काढली, पट्टी लावून एका नावावर सरळ रेघ मारली आणि नवा दाखला परवा मिळेल असं सांगितलं. जाता जाता उठून दारापर्यंत सोडायलाही आले, जे ते कुणासाठी करत नाहीत.

दुकानात मास्तरने ऐकून घेतलं. "म्हणजे उद्यापासून लोकांना काय सांगणार?"

"सांगेन, की माझी सही चालत नाही. मी बरोबर येईन, पण पुरावा आपला आपण शोधायचा."

"आणि चिडले तर?"

"तर तुझ्याकडे पाठवेन. माप घे."

दाखला मिळाला एकोणीसला. वीसला अर्ज द्यायचा होता, तोही शहरातल्या मोठ्या कचेरीत, चारच्या आत. बाई निघाली, खिडकी निघाली, आणि "तुम्ही दोघी कुठेतरी प्रश्न विचारत बसाल" म्हणून दुकानाला कुलूप घालून मास्तरही निघाला. बस वाटेत बंद पडली. पोचले तेव्हा तीन वाजून गेले होते. खिडकीने उभ्याउभ्याच फॉर्म भरला, कागद जोडले आणि आत सरकवले.

आतल्या माणसाने चष्म्यावरून बघितलं. "ताई, दाखल्यात अकरा फेब्रुवारी आहे. फॉर्मवर एक जून लिहिलंय."

तिघंही गार. हाताला सवय हो! चौथीच्या परीक्षेपासून मुलांच्या जन्माच्या कागदांपर्यंत, जिथे तिथे हात तेच लिहीत आलेला.

"खोडून देऊ?"

"खाडाखोड चालत नाही. नवा फॉर्म घ्या. वरच्या मजल्यावर मिळतो. पाऊण तास आहे."

मास्तर, ज्याला आयुष्यात कुणी पळताना पाहिलं नव्हतं, तो जिना दोन दोन पायऱ्यांनी चढला. फॉर्म आला. बाई खिडकीच्या डोक्यावर उभी राहिली, अगदी चौथीच्या परीक्षेसारखी. "आधी तारीख. बाकी सगळं नंतर. मोठ्याने म्हण आणि लिही."

"अकरा," खिडकी म्हणाली. "फेब्रुवारी."

रांगेतली माणसं वळून बघायला लागली. बघू देत. चारला दहा कमी असताना शिक्का बसला आणि पोचपावती हातात आली. पुढे दीड महिन्याने यादीत नाव लागलं ते लागलंच. पण त्या दिवशी त्या पावतीएवढं भारी काही नव्हतं.

परतीच्या बसमध्ये तिघं एका बाकावर दाटीने बसली. खिडकीने दाखला पुन्हा काढून बघितला.

"बाई, अकरा फेब्रुवारीला वार कुठला होता?"

"ते बघायचं राहिलं की गं!"

"बुधवार असणार," मास्तर म्हणाला.

"का?"

"बुधवारी बाजार. डॉक्टर बाजारच्या दिवशीच इकडे असायचे."

"तेव्हा बाजार शनिवारी भरायचा," पुढच्या बाकावरची म्हातारी मागे वळून म्हणाली. तिला कुणी विचारलं नव्हतं.

"शनिवारी नाही, रविवारी," कंडक्टर तिकिटं फाडत म्हणाला. "माझे वडील जायचे."

"रविवारी सरकारी डॉक्टर येईल का?" बाईने विचारलं.

"गाय अडली तर येईल."

"आजच्या वारापासून मागे मोजू," बाई म्हणाली आणि बोटं पुढे धरली. "दर वर्षाला एक वार मागे. चौथ्या वर्षी दोन. मास्तर, तू चौथी वर्षं मोज. कुठपासून?"

"आपल्या लग्नापासून."

"लग्नापासून का?"

"मला तेच एक साल पक्कं आठवतं."

"चुकीचं आठवतं. मोज तू."

पुढची म्हातारी शनिवारावर अडून बसली, मास्तर बुधवारावर, कंडक्टर तिकिटं विसरून त्यांच्यातच उभा राहिला. बाईचा हिशोब मंगळवारी येऊन थांबला, मग गुरुवारी. ती पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. खिडकी मधे बसून ज्याच्या त्याच्या तोंडाकडे बघत होती. तिच्या जन्मावरून एवढी माणसं आजवर कधी भांडली नव्हती.

"गुरुवार," बाई शेवटी म्हणाली. "आणि हे पक्कं आहे."

"कशावरून?" खिडकीने विचारलं.